चार नंबरच्या दस्त्यावरची खूण

काचेच्या पेटीत कार्ड ठेवलेलं होतं. ‘रायफलींच्या लाकडी दस्त्यांवरील गूढ मांगल्यचिन्हे. सूर्य, मासा व वृक्ष. आदिम श्रद्धेचा आविष्कार. अर्थ अज्ञात.’ ते वाचलं आणि माझं टाळकं सरकलं. राग तसा माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, पोलीस लाइनीतल्या कोणालाही विचारा. पण त्या दिवशीचा राग वेगळा होता. तो इतकी वर्षं कुठं दबा धरून बसला होता ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा भंडाऱ्याच्या पोलीस मुख्यालयात आर्मोरर होतो. म्हणजे हत्यारं उघडायची, साफ करायची, दुरुस्त करायची आणि त्यांच्यावरचे नंबर वाचायचे. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा खुर्च्या-टेबलांसारखी आमच्या शस्त्रागाराचीही वाटणी झाली होती. जमिनीवर सतरंज्या टाकून दोन रांगा मांडल्या, इकडची इकडे, तिकडची तिकडे. शंभर वर्षांपूर्वीच्या रायफलींवरचे झिजलेले शिक्के मीच वाचले. मुकुट कुठला, साल कोणतं, नळी आणि बोल्ट एकाच जोडीचे आहेत की नाहीत, जादा दारू भरून नळीची परीक्षा घेतल्याचा ठसा कुठं मारलाय. दिसेनासा झालेला नंबर असेल तर त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, की तो वर येतो. साहेब लोक म्हणायचे, याला लोखंडाशी बोलता येतं. मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

वाटणीला सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हा शहापूरजवळ, हायवेला लागून, एका शेठनं मोठं हॉटेल काढलं. तुमसरकडची एक खासगी मँगनीजची खाण केव्हाच बंद पडली होती, तिच्या बंगल्यातलं सामान त्यानं लिलावात उचललं. पंखे, घड्याळं, आरामखुर्च्या आणि सहा जुन्या लष्करी रायफली. मूळच्या फौजेच्या, मग नळी बदलून पहाऱ्याच्या कामाला दिलेल्या. त्या हॉटेलच्या दिवाणखान्यात मांडायच्या तर त्या कायमच्या मेल्या आहेत, नळी बुजवली आहे, पिन काढली आहे, असा पोलिसांचा दाखला लागतो. तो द्यायला मला पाठवलं होतं.

कोणत्या खाणीच्या रायफली आहेत ते मला निघताना कोणी सांगितलं नव्हतं. तिथं गेल्यावर शेठनं सांगितलं. मी ऐकलं आणि जवळच्या खुर्चीवर बसलो. शेठला वाटलं ऊन लागलं, त्यानं सरबत मागवलं.

त्या खाणीवर माझे बाबा पहारेकरी होते.

शेठबरोबर नागपूरहून आलेले एक निवृत्त प्राध्यापक होते. माणूस सज्जन, बोलणं मऊ, पण उंटावरचा शहाणा. दस्त्याच्या खालच्या अंगाला चाकूनं कोरलेल्या खुणा होत्या, त्यांच्यावर ते पुस्तिका लिहिणार होते. शेठचं म्हणणं वेगळं. त्याला वाटायचं की जितक्या रेघा तितके मुडदे, पाहुण्यांना तेच ऐकायला आवडेल. दोघांचा गोड वाद चालला होता. एकाला देव हवा होता, दुसऱ्याला रक्त. ज्यांनी त्या खुणा कोरल्या ती माणसं दोघांपैकी एकालाही नको होती. मी रायफली एकेक करून उलट्या केल्या. पहिल्या नंबरवर बैलाच्या पुठ्ठ्यावर देतात तसला डाग. दुसऱ्या नंबरवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा आणि वरच्या खाचेत एक टोचा.

ती आमच्या घरची खूण. माझ्या बापाच्या हातची.

आम्ही ढिवर. आमचं गाव पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या बाजूला, तलावाच्या काठावर. आमच्याकडे जाळं पाण्यावर तरंगतं राहावं म्हणून त्याला हलक्या लाकडाचे तुकडे बांधायचे. एका तलावात दहा घरांची जाळी पडलेली, म्हणून प्रत्येक घराची खूण त्या तुकड्यांवर कोरलेली असायची. पहाटेच्या अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात, बोट फिरवलं की कळायचं, हे आपलं, हे शेजाऱ्याचं. दुसऱ्याच्या खुणेच्या जाळ्याला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. लिहिता-वाचता कोणालाच येत नव्हतं, पण दहा घरांच्या दहा खुणा पोरासोरांनाही पाठ होत्या. नायलॉनची जाळी आणि प्लॅस्टिकचे गोळे आले तेव्हा हे सगळं गेलं.

खाणीवाल्यांनी पहारेकरी मुद्दाम लांबच्या गावचे घेतले होते. चिखल्याकडचे, जवळपासचे घेतले तर मजुरांत त्यांचे नातेवाईक निघतील आणि पहारा ढिला पडेल, हा हिशेब. सहा पहारेकरी, सहा रायफली, सगळ्या एका घडवंचीवर उभ्या. नंबर पितळेच्या चकतीवर इंग्रजीत. सहापैकी एकालाही ते वाचता येत नव्हते. दुसऱ्यानं घाण ठेवलेली रायफल आपल्या हातात आली तर शिव्या आपण खायच्या. म्हणून त्यांनी गावी करायचे तेच इथं केलं. आपापल्या घरची खूण दस्त्याच्या खालच्या अंगाला कोरली, उभ्या रायफलीत दिसणार नाही पण हाताला लागेल अशी. कोणी जाळ्याची, कोणी बैलाच्या डागाची. एका पहारेकऱ्याच्या घरी नुकतीच दीक्षा घेतलेली, त्यानं जुनी खूण टाकून आठ आऱ्यांचं चाक कोरलं. प्राध्यापकांचा सूर्य तो हाच.

झालं असं की हजेरीबाबू रजिस्टरात नावापुढं वाटेल तो नंबर लिहायचा आणि हे लोक आपापल्या खुणेची रायफल घेऊन जायचे. वर्षानुवर्षं रजिस्टर एक सांगत होतं आणि दस्ता दुसरं. कोणाचं काही अडलं नाही म्हणून कोणाला कळलं नाही.

मग एका सकाळी बारूदखान्याचं कुलूप तुटलेलं सापडलं. सुरुंगाच्या कांड्यांची दोन खोकी गायब आणि मागच्या पळसाच्या झुडपात चार नंबरची रायफल टाकून दिलेली. त्या रात्री पहाऱ्यावर तिघं, बाबाही त्यांत, आणि रजिस्टरात चार नंबरपुढं बाबांचं नाव.

मी तेव्हा चौथीत होतो. आम्ही खाणीच्याच चाळीत राहायचो, पहारेकऱ्यांच्या खोल्यांत. आमच्या शेजारच्या खोलीत मामा, आईचा सख्खा भाऊ, तोही पहारेकरी. बाबांना ही नोकरी त्यानंच लावून दिली होती. पुढचं सगळं मी चाळीतल्या बोलण्यातून ऐकलं आणि मोठेपणी ठाण्यातल्या जुन्या कागदांतून वाचलं. बाबा मॅनेजरला म्हणाले, साहेब, उलटी करून पाहा, ही माझी नाही, माझ्या रायफलीवर माझी खूण आहे. झालं हात दाखवून अवलक्षण. मॅनेजरनं सहाही रायफली उलट्या करवल्या आणि चोरी राहिली बाजूला, कंपनीच्या मालावर चाकू चालवला कोणी म्हणून तो पिसाळला. बाकीचे पाच मूग गिळून उभे राहिले. खुणा? कसल्या खुणा साहेब, आम्हाला तर आजच दिसताहेत. खूण ओळखली तर कोरल्याचा गुन्हा कबूल होतो, नोकरी जाते. नोकरी कोणाला नको होती?

मॅनेजरनं बाबांना शेवटचं विचारलं होतं. ही तुझी नाही तर कोणाची, बोल, नाहीतर उद्या पोलिसांत देतो. बाबांना एक दिवसाची मुदत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते जबानीत एका ओळीत आहे, खाली अंगठा आहे. ‘सदर चिन्ह कोणाचे आहे असे विचारता, मला वाचता येत नाही असे सांगतो.’

तीन दिवस कोठडी झाली. पुरावा नाही म्हणून सोडलं, पण नोकरी गेली ती गेलीच. आम्ही बिऱ्हाड उचलून गावी आलो. गावात बातमी आमच्या आधी पोचलेली. बाबांना बारूदचोर हेच नाव पडलं, ते मरेपर्यंत राहिलं. शाळेत मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून कोणीतरी तोंडानं स्फोटाचा आवाज काढायचा आणि सगळा वर्ग हसायचा, मास्तरसुद्धा. तलावावर बाबांच्या शेजारी कोणी जाळं टाकायचं नाही. ते एकटे, लांबच्या कोपऱ्यात. घरी आले की मुकाट जेवायचे.

आणि मी त्यांच्यावर चिडायचो. लोकांवर नाही, त्यांच्यावर. हे आज लिहिताना हात जड होतो, पण खरं आहे. मला वाटायचं, हा माणूस अडाणी निघाला म्हणून आमचं वाटोळं झालं. आपल्याच माणसांच्या खुणा वाचता येईनात याला? एकदा दहावीत असताना मी हे त्यांच्या तोंडावर बोललो. ते जाळं सांधत होते, सांधत राहिले. मी पोलिसात गेलो, हत्यारांचं काम हट्टानं मागून घेतलं, नंबर वाचणारा म्हणून नाव कमावलं, ते सगळं त्या एका ओळीचं उट्टं काढायला. बाबा गेले तेव्हा मी बंदोबस्तात होतो. पोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

आता त्या हॉटेलात दोन नंबरच्या दस्त्यावर माझं बोट होतं आणि मला रडू येत नव्हतं, संताप येत होता. मॅनेजरच्या खुर्चीपासून वीस पावलांवर पुरावा होता. सहा रायफली, सहा खुणा, आणि सहा माणसं ज्यांना त्या पाठ होत्या. मॅनेजरला नुसतं एवढंच करायचं होतं की सहा जणांना अंधारात एकेक रायफल उचलायला सांगायची. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी दिली होती.

मग चार नंबरची उलटी केली. तीन उभ्या रेघा, त्यांच्यावरून एक वाकडी, आणि शेपटाला छोटीशी काट. जाळ्याची खूण हे नक्की, पण आमच्या तलावावरची नाही. मी ओळखली नाही. खिशातला कागद काढला, पेन्सिल घासली, खूण उतरवून घेतली आणि दाखल्यावर सही न करताच निघालो. प्राध्यापक मागून विचारत होते, काही विशेष आढळलं का. मी म्हणालो, आढळलं की सांगतो.

आई तेव्हा माझ्याकडेच असायची. दोन्ही डोळ्यांत पडदा आलेला, पण तांदळातला खडा बोटानं काढायची. दुपारची वेळ, ती ओसरीवर बसली होती. तिला कागद दाखवून उपयोग नव्हता. मी तिचा हात घेतला आणि तळव्यावर बोटानं दोन छेदणाऱ्या रेघा काढल्या, वर टोचा दिला. ती हसली. “आपली हाये,” म्हणाली. मग मी तीन रेघा काढल्या, वाकडी ओढली, शेपटाला काट दिली.

तिनं मूठ मिटली.

मिटलेली मूठ तिनं मांडीवर ठेवली. मग विचारलं, “कुठं भेटली तुले?”

“चार नंबरवर.”

“माह्या बापाच्या घरची हाये,” ती म्हणाली.

तिच्या बापाच्या घरची, म्हणजे मामाची. मामाच्या घरी मी सुट्ट्यांत महिना महिना राहिलो, पण ही खूण कधी पाहिली नव्हती, कारण त्या घरात लाकडाचा एकही तुकडा पाहिला नव्हता. आई म्हणाली, चोरी झाली त्याच उन्हाळ्यात भावानं सुट्टीवर येऊन घरातली सगळी जुनी जाळी चुलीत घातली होती. त्यानं चोरी केली होती का? आईला माहीत नाही. तो म्हणायचा डोळा लागला, कोणीतरी उशाची रायफल उचलून नेली. खरं-खोटं तो घेऊन गेला. एवढं मात्र खरं की त्या रात्री पहाऱ्यावर तोही होता आणि रायफल त्याची होती, आणि तो पाच जणांच्या रांगेत उभा राहून म्हणाला होता की खुणा आजच दिसताहेत. पुढं खाण बंद होईपर्यंत तो नोकरीत होता. माझी पुस्तकं त्यानं घेतली, पहिले बूट त्यानं घेतले, दरवर्षी धानाचं पोतं त्याच्याकडून यायचं. मी सगळ्यांना सांगायचो, बाप नावाला, खरा बाप मामा. आदल्याच वर्षी तो गेला तेव्हा मी रजा काढून गेलो होतो आणि त्याला खांदा दिला होता. ज्या खांद्यानं बापाला दिला नाही, त्यानं.

मी आईला विचारलं, बाबांना माहीत होतं का.

“त्याले पहिल्याच नजरेत समजलं. त्या संध्याकाळी घरी आला, मी चुलीपाशी होती. म्हने, निशानी तुह्या भावाची हाये. सांगू का उद्या?”

“मंग तू काय म्हनलं?”

“काही नाही म्हनलं. मी चुलीपुढून उठली नाही.”

मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की मी अंगणात जाऊन उभा राहिलो. एकटी बाई, एकीकडे भाऊ, एकीकडे नवरा, दगडाखाली हात सापडलेला, हे सगळं मला कळत होतं. कळण्यानं राग जात नसतो. तीस वर्षं तिनं मला बापाला अडाणी म्हणू दिलं. त्याच्या तोंडावर म्हणू दिलं. ती तेव्हाही चुलीपुढंच होती. आणि त्या माणसाचाही राग आला, त्या जाळं सांधणाऱ्या माणसाचा, की मेव्हण्याला वाचवायला त्यानं स्वतःचं नाव दिलं ते दिलं, पण त्यातलं निम्मं माझं होतं, ते कोणाला विचारून दिलं? मी परत ओसरीवर आलो तेव्हा आई म्हणाली, “आता सांगून टाक. कोनी उरलं नाही.”

उरलं होतं. मामाची मुलगी पवनीला नर्स आहे, तिची दोन पोरं. रक्षाबंधनाला येते.

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात गेलो आणि शेठला सांगितलं, हे कार्ड बदलल्याशिवाय दाखल्यावर सही होणार नाही. तो आधी हसला, मग वरच्या साहेबांना फोन लावतो म्हणाला. मी म्हणालो लावा, पण सही माझीच लागते. प्राध्यापकांना मी खुणांचा सगळा प्रकार समजावला, जाळी, डाग, आठ आऱ्यांचं चाक. ते भल्या मनानं ऐकत होते, पण चेहरा पडला होता. आदिम श्रद्धेचा आविष्कार गेला आणि हाती लागले सहा पगारी पहारेकरी. शेठ म्हणाला, असं साधं लिहिलं तर बघायला कोण थांबेल? मी म्हणालो, नाही थांबलं तर नाही थांबलं, माझा बाप तुमच्या पाहुण्यांच्या करमणुकीसाठी नोकरीला नव्हता. आवाज चढला होता माझा. काउंटरवरची माणसं बघायला लागली.

दोन नंबरचं कार्ड मी माझ्या हातानं लिहिलं. ‘ही कोंढ्याकडच्या ढिवर पहारेकऱ्याच्या घरची खूण. रायफल त्याची. चार नंबरची त्याची कधीच नव्हती.’ बाकीच्यांची प्राध्यापक लिहून घेत गेले, पहिली, तिसरी, पाचवी, सहावी. चार नंबर शेवटी राहिला. त्यांनी पेन उघडंच ठेवलं आणि विचारलं, “ही कोणाची?”

माझ्या तोंडात नाव तयार होतं. रात्रभर घोळवलं होतं. गावाचं नाव, घराचं नाव, माणसाचं नाव. खोलीत पंखा फिरत होता, खाणीच्या बंगल्यातलाच.

“मले वाचता येत नाही,” मी म्हणालो.

प्राध्यापक चमकले. आदल्या दिवसापासून मी त्यांच्याशी पुस्तकी बोलत होतो, त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्यांनी कार्डावर ‘अर्थ अज्ञात’ असं लिहिलं. मी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला, आणि बाहेर येऊन मोटारसायकलला किक मारायच्या आधी सीटवर दोनदा मूठ आपटली.

घरी आई जेवायची थांबली होती. बायकोनं ताटं वाढली. आईनं विचारलं, सांगितलं का रे. मी म्हणालो, नाही. काय म्हटलं मग, तिनं विचारलं. बाबांनी जे म्हटलं तेच, असं मी सांगितलं.

तिचा घास हातातच राहिला. बाबा गेले तेव्हाही ती कोणासमोर रडली नव्हती असं सगळे सांगतात. त्या दिवशी रडली, मोठ्यानं, तोंडावर पदरही न घेता. बायको धावली, तिनं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, माझ्याकडं बघितलं.

मी ताटावरून उठलो नाही.